माझी कंपनी कोणती?

मित्रांनो, मी एक जुनी कटर मशीन आहे. निदान मला तरी तसं वाटतं. छातीठोकपणे सांगायला गेलं तर फजिती होते, कारण माझ्याबद्दल दोन माणसांचं कधी एक मत झालेलं मी ऐकलं नाही. कुणी मला कटर म्हणतं, कुणी करवत-मशीन म्हणतं, कुणी नुसतं 'टेबल' म्हणून मोकळं होतं. वडीगोद्रीतली पोरं तर मला भुंगा म्हणतात, कारण मी चालू झाले की हायवेच्या पलीकडपर्यंत माझं गुणगुणणं जातं. तुम्हाला हवं ते म्हणा. मी रागावत नाही.

मी दिसते कशी, तेवढं मात्र सांगता येईल. एक जाड लोखंडी टेबल. त्याच्या मधोमध फट. फटीतून अर्धं वर आलेलं दातेरी गोल पातं. टेबलाखाली एक आडवा शाफ्ट, त्याच्यावर ते पातं बसवलेलं, आणि शाफ्टला पट्ट्यानं फिरवणारी मोटार. लाकूड टेबलावरून पुढं ढकललं की पातं त्याच्या सरळ पट्ट्या पाडतं. काम एवढंच. पण ते सरळ व्हावं लागतं, आणि इतकी वर्षं मी ते सरळ केलं आहे, एवढा अभिमान मला बाळगू द्या.

माझा जन्म कुठला, हेही मला नीट आठवत नाही. कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात मला ओतलं, घासलं, रंगवलं आणि कपाळावर एक पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवली. कुणी म्हणे माझं लोखंड विलायती आहे, कुणी म्हणे पंजाबातलं. पुढं मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये आले. तिथं कापसाच्या गाठी बांधायच्या, तर त्यांना लाकडाचं काय काम होतं, हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही. जिनिंग बंद पडलं. मी कोपऱ्यात पडले. मग लिलाव झाला आणि मच्छिंद्र आबांनी मला घेतलं.

आबा मूळचे मेंढरांमागचे. त्यांचे वडील पावसाळा संपला की कळप घेऊन निघायचे ते थेट गोदाकाठानं महिनोन्‌महिने चालायचे. आबांचं मन मात्र मेंढरांत नव्हतं. शहागडला एका सुताराच्या दारात ते बसून राहायचे, आणि बसता बसता त्याच्याकडेच राहिले. भावकीतले लोक हसले. काठी धरणाऱ्या हातात पटाशी शोभते का, म्हणाले. आबांना बोलायची सवयच कमी होती. त्यांनी हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं, आणि मला आणून मधोमध उभं केलं.

पण मी चालेचना! शाफ्ट ज्या दोन कड्यांमध्ये फिरतो, ज्यांच्या पोटात पोलादी छर्रे असतात, त्यांना बेअरिंग म्हणतात. माझी दोन्ही बेअरिंगं गंजून गच्च झाली होती. आबा तशी बेअरिंगं शोधत चार महिने फिरले. कुठं कुठं गेले देवाला ठाऊक. शेवटी एके दिवशी कागदात गुंडाळलेली दोन बेअरिंगं घेऊन आले, बसवली, आणि मी जिनिंगमध्ये कधी चालले नव्हते इतकी सुरेख चालले. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी मुलगी झाली. थोरला आदिनाथ होताच, आता ही तृप्ती. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानात आलेल्या सगळ्यांना गुळाचे खडे वाटले. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी माझ्या कपाळावरची पाटी सोडवली, रुमालात बांधून कुठंतरी नेली आणि संध्याकाळी परत आणून बसवली. कशासाठी, ते मला कळलं नाही. मित्रांनो, तुम्हीच सांगा, आपलं कपाळ आपल्याला दिसतं का?

मग पहिली खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहे. बाकी दुकानांत मशीनला हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. पण आबांची बायको सोनूबाई मेंढवाड्यात वाढलेली. तिच्या माहेरी देव म्हणजे वाड्याच्या तोंडाशी ठेवलेला दगड, आणि दगडाला तेल-शेंदूर. जो राखतो तो देव, आणि देव म्हटला की शेंदूर, हे तिचं साधं गणित. मशीन पोट राखते, तर तिलाही शेंदूरच पाहिजे. तिनं बोटं बुडवली आणि माझ्या कपाळावर, बरोबर त्या पाटीवर, चांगला जाडजूड शेंदूर थापला. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर दुसरा. असे चोवीस थर झाले. माझं कपाळ फुगून टेंगूळ आल्यासारखं झालं. गिऱ्हाइकं दुकानात शिरली की आधी मला हात जोडायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

ते दिवस चांगले होते. दारं, खिडक्या, बाजा, शाळेची बाकं, हायवेवर थांबलेल्या ट्रकच्या तुटलेल्या फळ्या, काय काय कापलं मी. मधल्या काळात माझी मोटार जळाली, तर आबांनी विहिरीवरची मोटार आणून जोडली. पट्टा तुटला, तर पिठाच्या गिरणीचा घातला. लाकूड टेकवायची पट्टी झिजली, तर जुन्या खाटेचा अँगल लावला. म्हणजे आता मी कटर मशीन, की विहीर, की गिरणी, की खाट? मी विचार करायचे आणि डोकं गरगरायचं. तरी लाकूड सरळ निघायचं, म्हणून मी तो विषय सोडून द्यायचे.

तृप्ती माझ्या भुश्शात वाढली. टेबल थंड असलं की त्यावर पाटी ठेवून अभ्यास करायची. आबा तिला सुतात माप शिकवायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. ती शाळेत मिलीमीटर शिकून यायची आणि म्हणायची, आबा, आता सूत कुणी मोजत नाही. आबा हसायचे आणि सुतातच मोजायचे. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. आपल्याकडं मुलीला द्यायच्या भांड्यांवर तिचं नाव घालतात ना, तशी हंडा, कळशी, ताटं, वाट्या, सगळ्यांवर ठक ठक करत नाव कोरलं गेलं. दोन वर्षांनी ती परत आली. हातात एकच पिशवी होती. सासरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारता येत नाही. तिच्या नावाची भांडी तिकडंच राहिली. घरातल्या प्रत्येक तांब्यावर आदिनाथचं नाव होतं, कारण आबांच्या घरात भांडं आलं की ते थोरल्या पोराच्या नावानं कोरायची रीत. ती दादाच्या नावाच्या पेल्यानं पाणी प्यायची. एकदा पेला पालथा घालता घालता आईला हसून म्हणाली, "माय, या घरात माझ्या नावाचा चमचासुदीक न्हाई." सोनूबाई तिला वेडी म्हणाली आणि पदराआड तोंड करून चुलीकडं गेली.

त्याच सुमारास आबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि होती नव्हती ती वाचाही गेली. दुकानाला कुलूप लागलं. माझ्यावर ताडपत्री टाकली. आठ महिने मी ताडपत्रीखाली होते. कोंबडी माझ्या टेबलावर अंडी घालायची. मी म्हटलं, चला, आता खुराडंही होऊन बघितलं.

मग एका सकाळी तृप्तीनंच ताडपत्री ओढली. कोंबडीला उठवलं, टेबल पुसलं, शाफ्टला तेल दिलं. बाईमाणसानं कटरवर उभं राहायचं म्हणजे गावाला विषयच मिळाला. लोक चहाच्या टपरीवरून माना वळवून बघायचे. तिनं छोटी छोटी कामं केली, देव्हारा, पाट, खुंट्या. लाकूड ढकलताना बोटं पात्यापासून लांब ठेवायची काडी ती कधी विसरली नाही. मला फार कौतुक वाटायचं तिचं.

आणि मग शहागडच्या साखराबाई आल्या. या बाईंनी शेतात तुती लावली आहे आणि रेशीम किड्यांचं शेड बांधलं आहे. किड्यांना पाला खायला मांडण्या लागतात, चार चार कप्प्यांच्या, पन्नास फूट लांब. साखराबाईंनी काम दिलं ते आबांच्या नावावर नाही आणि आदिनाथच्या तर नाहीच. तृप्तीकडं बघून त्या म्हणाल्या, हे काम मी तुला देते, तूच करायचं. तृप्तीच्या आयुष्यातलं तिच्या स्वतःच्या शब्दावर आलेलं हे पहिलं काम. एकच अट होती. लहान किडे, ज्यांना चॉकी म्हणतात, ते मंगळवारी येणार. त्याआधी मांडण्या उभ्या पाहिजेत.

"अळ्या कुणासाठी थांबत न्हाईत बाई," साखराबाई म्हणाल्या. "त्यायला येळंवर पाला लागतो आन् येळंवर जागा."

मंगळवारला अकरा दिवस होते. तृप्तीनं निलगिरीचं लाकूड आणलं. शेकडो पट्ट्या पाडायच्या होत्या. हातकरवतीनं त्या पाडायला दोन महिने गेले असते. मी दीड दिवस मन लावून काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पोटात कचकन आवाज झाला, छर्रे जमिनीवर उड्या मारत सुटले, आणि मी थांबले. उजवीकडचं बेअरिंग फुटलं होतं. कडीचे तुकडे झाले होते, आतली कडी शाफ्टला चिकटून बसली होती. तृप्ती गुडघ्यावर बसून छर्रे वेचत राहिली. नऊ सापडले. बाकीचे कुठं गेले, कोण जाणे.

इथून पुढं जो घोळ सुरू झाला, मित्रांनो, तो सांगताना आजही माझी मोटार तापते.

तृप्ती आदिनाथला घेऊन जालन्याला गेली. आदिनाथ छोटा टेम्पो चालवतो, त्याला जालन्याच्या गल्ल्या पाठ आहेत. जुन्या बाजारात काकासाहेब म्हणून एक दुकानदार आहेत, त्यांच्याकडं आधी गेले. त्यांनी तुकडे हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, कंपनी कोणती? तृप्तीला माहीत नव्हतं. मॉडेल नंबर? माहीत नाही. साल? माहीत नाही. मशीन कुठली तरी असेल ना? तर आदिनाथ म्हणाला, वडीगोद्रीची. काकासाहेबांनी चष्मा काढून ठेवला. तुकडे पट्टीवर मोजले आणि म्हणाले, हे पंचवीस मिलीमीटरचं दिसतं. तसं बेअरिंग दिलं आणि म्हणाले, जातंय बघा, नाहीतर ठोका.

ते शाफ्टवर चढेना. हलकं ठोकलं, जोरात ठोकलं, तेल लावून ठोकलं. एक केसभर कमी पडत होतं, पण केसभर म्हणजे केसभर! शिवाय ते ज्या घरात बसायचं तिथं मात्र ढिलं होत होतं. आतून घट्ट, बाहेरून ढिलं. मला स्वतःचीच शंका येऊ लागली. माझंच अंग वाकडं आहे की काय?

दुसरे दिवशी त्याच्याहून मोठा, पुढचा नंबर आणला. तो शाफ्टवर ढिला आणि घरात जाईना. तिसऱ्या दुकानात सांगितलं की असा साईज जगात येतच नाही, तुमची मोजणी चुकते आहे. मोबाईलवर फोटो पाठवून मागवलेलं पार्सल चार दिवसांनी आलं, त्यात निघालं मिक्सरला बसेल असं चिमुकलं बेअरिंग. लेथवाला म्हणाला, शाफ्टच तासून बारीक करतो. पण तृप्तीनं विचारलं की मग पातं कशावर बसेल? पात्याचं भोक तर जुन्या शाफ्टच्याच मापाचं आहे. लेथवाला डोकं खाजवू लागला. मीही खाजवलं असतं, पण मला हात नाहीत. एकाचं घ्यावं तर दुसरं बसत नाही, दुसऱ्याचं करावं तर तिसरं बिघडतं. आगीतून निघायचं आणि फुफाट्यात पडायचं, दिवसभर तेच.

या सगळ्या दिवसांत आबा पाय ओढत ओढत दुकानात यायचे. माझ्यापुढं उभे राहायचे आणि डाव्या हाताचं बोट माझ्या कपाळावरच्या शेंदरावर टेकवायचे. तोंडानं "आ... आ..." एवढंच. पुन्हा टेकवायचे. सोनूबाईचे डोळे भरून यायचे. ती म्हणायची, बघा, वाचा गेली तरी देवाला विसरले नाहीत, देव कोपलाय म्हणून सांगत्यात. आणि घरात जाऊन ती तेल-शेंदूर आणायची व आणखी एक थर चढवायची. आबा मान हलवायचे, जोरजोरात हलवायचे. तिला वाटायचं, कमी पडला. ती अजून लावायची. एकदा आबांनी डाव्या हातात कोळसा धरून जमिनीवर काही रेघोट्या ओढल्या. त्या कावळ्याच्या पायांसारख्या उमटल्या. कुणाला काही उमगलं नाही. आबा खाली बसले आणि मुलासारखे रडले. मलाही वाटलं की ते माझ्यासाठी नवस बोलताहेत. खरंच सांगते, मलाही कळलं नाही.

शनिवारी एका शहाण्यानं तोडगा सांगितला. मोठं बेअरिंग शाफ्टवर ढिलं होतं ना, मग मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळा. डब्याचा पत्रा कापून गुंडाळला, घराचं तोंड घासून मोठं करायला तृप्ती तयार नव्हती म्हणून बाहेरून क्लँप मारून बसवलं, आणि मला चालू केलं. मी ओरडत होते, मित्रांनो! पातं डुलत होतं. माझ्या भाषेत मी सांगत होते की बंद करा. तृप्तीनं पट्टी पुढं ढकलली आणि पात्यानं तिची एक ढलपी उडवली. ती तृप्तीच्या कानाला घासून गेली आणि मागच्या दारात रुतली. रक्ताचा एक थेंब माझ्या टेबलावर पडला.

मी इतकी वर्षं कुणाच्या बोटाला दुखापत केली नव्हती. आणि केली ती कुणाला, तर जिला भुश्शात लोळताना पाहिलं तिला. मला माझाच राग आला.

आदिनाथनं स्विच बंद केला. तो वाईट माणूस नाही. त्यानं बहिणीचा कान पुसला आणि सांगून टाकलं की उद्या सकाळी मशीन टेम्पोत घालून जालन्याच्या भट्टीवर द्यायची. तिथं भंगार वितळवून सळया करतात, हे तुम्हाला माहीत असेल.

"दादा, मी शब्द दिलाय साखराकाकूला," तृप्ती म्हणाली.

"तृप्ते, आज कानापाशून गेली, उद्या डोळ्यात जाईल," तो म्हणाला. "मशीन दुसरी आणता येती. डोळा न्हाई येत."

खरं सांगू, मला त्याचंच पटलं. विहीर झाले, गिरणी झाले, खाट झाले, खुराडं झाले, आता सळई व्हायचं. कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये मुकाट पडून राहीन, निदान कुणाला लागणार तरी नाही. तृप्तीनं साखराबाईंना फोन लावायला घेतला, पण दोनदा नंबर दाबून ठेवून दिला. नाही म्हणायला तिची जीभ वळेना.

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. चार माणसं आली. माझ्या अंगाभोवती दोर टाकला. सोनूबाई हळद-कुंकू घेऊन आली, घरातून जाणाऱ्या लक्ष्मीला लावायला. एवढ्यात आबा आले. पाय ओढत, भिंतीला धरत, पण इतक्या घाईनं की वाटेत त्यांची चप्पल निसटली. त्यांनी सोनूबाईच्या हातातलं ताट बाजूला लोटलं आणि माझ्या कपाळावर डाव्या हाताची नखं मारायला सुरुवात केली. शेंदराचे कण उडाले. सोनूबाई घाबरली. तिनं त्यांचा हात धरला.

"आवो, देवाचा शेंदूर खरवडत्यात का कुठं!" तिचा आवाज चिरकला. "पाप लागंल."

आबांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा खरवडू लागले. नखाच्या कडेनं रक्त आलं तरी थांबेनात. बाकीचे लोक आबांना मागं ओढू लागले, तेव्हा तृप्ती म्हणाली, थांबा. ती आबांच्या हाताकडं बघत होती. इतके दिवस सगळ्यांनी पाहिलं होतं की आबा शेंदराला हात लावताहेत. तिनं आज पाहिलं की ते शेंदूर काढताहेत.

ती आत गेली आणि आबांची पातळ पटाशी घेऊन आली. सोनूबाई आडवी आली. तृप्तीनं मला हात जोडले, मग आईला जोडले, आणि म्हणाली की माय, देव असला तर तो रागावणार नाही, आबा काहीतरी सांगून राह्यलेत. तिनं थराच्या कडेखाली पटाशी घातली आणि अलगद दाबली. चोवीस वर्षांचा शेंदूर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा एका तुकड्यात सुटून तिच्या हातात आला.

खाली पितळी पाटी होती. नव्यासारखी पिवळी. तेलानं तिला गंज चढू दिला नव्हता.

कंपनीचं नाव झिजून गेलं होतं, ते तसंही कधीचं गेलं असावं. पण त्याच्याखाली, भांड्यांवर घालतात तशाच ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत दोन ओळी कोरल्या होत्या. तृप्तीनं आधी खालची वाचली, कारण ती आकड्यांची होती. आठ, अठरा, पाच.

तिला क्षणभर काही समजलं नाही. मग तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "सूत," ती म्हणाली. "दादा, हे सुतात हाय. भोक आठ सूत, बाहेरून अठरा सूत, जाडी पाच सूत. आपुन मिलीमीटरमध्ये शोधून राह्यलो. हे इंचातलं बेअरिंग हाय!"

चार महिने वणवण केलेल्या माणसानं दुसऱ्या कुणाला तशी वणवण नको म्हणून माझ्या कपाळावर माप लिहून ठेवलं होतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते देव करून झाकून टाकलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आदिनाथनं दोर तसाच टाकला आणि काकासाहेबांना फोन केला. आठ-अठरा-पाच म्हटल्याबरोबर ते म्हाताऱ्या स्वरात ओरडलेच, अरे बाबा, इंचातलं आहे हे आधी का नाही सांगितलं? माझ्या माळ्यावर जुन्या खोक्यात पडलंय तसं, बारा वर्षांत कुणी मागितलं नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच दुकानात, ते आमच्या डोक्यावर पडलेलं होतं. रविवार असूनही त्यांनी दुकान उघडलं. मला न्यायला आलेला टेम्पो माझं बेअरिंग आणायला गेला.

पण वरची ओळ राहिलीच. आदिनाथ गेल्यावर तृप्तीनं ओढणीनं पाटी पुसली आणि ती ओळ वाचली. मनात वाचली, मग आबांकडं बघितलं, मग मोठ्यानं वाचली, कारण सोनूबाईला वाचता येत नव्हतं.

"चि. तृप्ती मच्छिंद्र हिची."

हायवेवरून ट्रक जात होते. सोनूबाईनं विचारलं, काय हिची? आबांनी डावा हात उचलला आणि माझ्या टेबलावर थाप मारली. एकदा. मग तृप्तीच्या डोक्यावर ठेवला.

ज्या घरात तिच्या नावाचा चमचा नव्हता, त्या घरात सगळ्यांचं पोट भरणारी मशीन ती जन्मल्यापासून तिच्या नावावर होती. आबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कोरलं म्हणजे सांगितलंच, असं त्या अबोल माणसाला वाटलं असणार. तृप्ती सासरहून आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली, आणि मी, एवढी शंभर किलोंची लोखंडी बाई, थरथरत होते, तेही मोटार बंद असताना.

दुपारी बेअरिंग आलं. ठोकावं लागलं नाही. तृप्तीनं ते शाफ्टवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं, तसं ते जाऊन बसलं. घरातही बसलं. मी चालू झाले तेव्हा चहाच्या टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. भुंगा बोलायला लागला, असं कुणीतरी म्हणालं. रविवारची संध्याकाळ आणि सोमवारचा आख्खा दिवस आम्ही पट्ट्या पाडल्या. आदिनाथ खिळे ठोकायला बसला. आबा डाव्या हातानं पट्ट्या मोजून देत होते. मंगळवारी सकाळी मांडण्या तुकड्यातुकड्यांनी शहागडला पोचून उभ्या राहिल्या, आणि साखराबाईंच्या चॉकीनं त्यांच्यावर अंग टाकून तुतीचा पाला कुरतडायला सुरुवात केली. साखराबाई प्रत्येक कप्प्यावर हात फिरवत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या की पुढचं शेडही तुझ्याकडंच.

मित्रांनो, माझ्या डोक्यातला गोंधळ अजून पुरता गेलेला नाही. मोटार विहिरीची, पट्टा गिरणीचा, बेअरिंग काकासाहेबांच्या माळ्यावरचं, मग यात मी नेमकी कुठं आहे, हे मला आजही सांगता येत नाही. पण एक गोष्ट मला कळली आहे, ती तुम्हाला सांगते. तुमच्या घरात जुनी वस्तू असेल, जुनं माणूस असेल, तर त्याची पूजा जरूर करा. फूल वाहा, हात जोडा. पण आधी त्याच्या कपाळावर काय लिहिलं आहे ते एकदा वाचून घ्या, आणि ते कुठंतरी उतरवून ठेवा. आणि एखादं न बोलणारं माणूस पुन्हा पुन्हा एकाच जागी बोट ठेवत असेल, तर तो नमस्कार आहे असं धरून चालू नका. त्याला विचारा. तिथं खरवडून बघा.

यंदाच्या खंडेनवमीला सोनूबाईनं तेल-शेंदूर आणलाच. सवय कशी जाईल? पण तिनं पाटीच्या चारी बाजूंनी बोटं फिरवून कडं काढलं आणि मधली पाटी पदरानं पुसून लख्ख केली. ती अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण वरच्या ओळीवर बोट फिरवून ती कुणालाही सांगते की हितं माझ्या लेकीचं नाव हाय.

परवा अंबडहून एक गिऱ्हाईक आलं होतं. माझं काम बघून खूश झालं. टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आणि मग तोच प्रश्न, ज्याला मी आयुष्यभर घाबरत आले. कंपनी कोणती म्हणायची ही?

तृप्तीनं लाकूड बाजूला ठेवलं, पाटीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "माझी."